असमानतेचा ताळा जुळत नाही? या क्रमाने तपासा

गणितातली असमानता म्हणजे २क्ष − ३य < ६ सारखं, समान चिन्हाऐवजी <, >, ≤ किंवा ≥ असलेलं विधान. लक्षणं आधी. यातलं एखादं तुमच्या वहीत दिसतंय का पाहा.

- रेषा बरोबर काढली, पण छायांकित भाग उत्तराच्या नेमका उलट बाजूला आला.
- एखादी क्रमित जोडी, म्हणजे (५, १) सारखी क्ष आणि य च्या किमतींची जोडी, उकल आहे का (ती ठेवली की असमानता खरी ठरते का) हे तपासताना एकदा "आहे" येतं, पुन्हा केलं की "नाही".
- आलेख सांगतो बिंदू आत आहे, आकडेमोड सांगते बाहेर.
- बिंदू नेमका रेषेवर पडला की हात थांबतो.
- दोन असमानतांच्या सामाईक भागातला म्हणून निवडलेला बिंदू एकीत बसतो, दुसरीत बसत नाही.
- शाब्दिक उदाहरणात ताळा जुळतो, तरी उत्तर चूक धरलं जातं.

दोन चलांतल्या रेषीय असमानता मी बरीच वर्षं शिकवते आहे, आणि हीच सहा लक्षणं वह्यांमधून फिरून फिरून समोर येतात. बहुतेक मुलं ताळा करतातच. फक्त तो चुकीच्या ओळीवर करतात. प्रश्नावर पाच-सहा पायऱ्या करून जी शेवटची ओळ हाती येते, तिच्यातच किमती ठेवून बघतात. मधल्या पायरीत चूक झाली असेल तर ती चूक त्या शेवटच्या ओळीतही असतेच. मग चूक स्वतःशीच पडताळली जाते आणि अर्थातच जुळते. म्हणून खालच्या प्रत्येक तपासणीत एक अट कायम धरा: किमती ठेवायच्या त्या मूळ प्रश्नात.

क्रम सोप्याकडून अवघडाकडे आहे. पहिल्या चार तपासण्या मिळून दोन मिनिटंही लागत नाहीत आणि निम्म्याहून जास्त वह्या तिथेच सुटतात. म्हणून आलेख खोडायची घाई करू नका.

पहिली तपासणी: प्रश्न जसाच्या तसा उतरला आहे का

छापील प्रश्न आणि वहीतली पहिली ओळ शेजारी शेजारी ठेवा. तीन गोष्टी बघा: चिन्हाखाली आडवी रेघ आहे का, सहगुणकाआधीचं (चलाला गुणणाऱ्या आकड्याआधीचं) उणे चिन्ह आलं आहे का, आणि चिन्हाचं तोंड कुणाकडे उघडं आहे.

तिसरी गोष्ट सगळ्यात फसवी. प्रश्न "६ > २क्ष − ३य" असा असतो. मुलांना चलं डावीकडे असण्याची सवय, म्हणून ती बाजू बदलतात आणि "२क्ष − ३य > ६" असं लिहून मोकळी होतात. बाजू बदलल्या, चिन्ह तसंच राहिलं. मूळ प्रश्नात चिन्हाचं उघडं तोंड ६ कडे होतं, म्हणजे बाजू बदलल्यावरही ते ६ कडेच हवं: २क्ष − ३य < ६.

हे सगळ्यात आधी तपासायचं, कारण पुढचं सगळं याच ओळीवर उभं आहे. ही ओळ चुकली तर पुढचा ताळा अगदी चोख येईल, फक्त तो दुसऱ्याच कुठल्या प्रश्नाचा असेल.

दुसरी तपासणी: जोडीतला पहिला आकडा क्ष चा

(५, १) ही जोडी २क्ष − ३य < ६ ची उकल आहे का? क्ष = ५, य = १ ठेवलं की १० − ३ = ७. सात हे सहापेक्षा लहान नाही, म्हणून उकल नाही. आकडे उलटे ठेवले तर २ − १५ = −१३, आणि ती मात्र उकल "आहे". जोडीच्या खाली "क्ष = ५, य = १" असं स्पष्ट लिहा, मगच पुढे जा. यापेक्षा जास्त काही करायची गरज नाही.

तिसरी तपासणी: कंस घातले का

इथे थोडं थांबावं लागेल. एका मुलीच्या वहीतलं उदाहरण आठवतं. प्रश्न होता: ३क्ष − २य > ४, आणि जोडी (−१, −४). तिने लिहिलं होतं:

३ − १ − २ − ४ = −४

आणि खाली, "−४ > ४ खोटे, म्हणून उकल नाही." बेरीज-वजाबाकी अचूक, अक्षर नेटकं, निष्कर्ष चुकीचा. ३ च्या शेजारी −१ लिहिताना गुणाकाराची वजाबाकी झाली होती. तिला फक्त एवढंच सांगितलं की चलाच्या जागी आधी रिकामा कंस काढ, मग त्यात आकडा भर:

३( ) − २( )
३(−१) − २(−४)
−३ + ८ = ५

५ > ४ खरं. जोडी उकल आहे. ती वहीकडे बघत म्हणाली, "म्हणजे मला वजाबाकी येते, पण मी दुसरंच गणित करत होते." अगदी तेच.

याचा दुसरा प्रकार म्हणजे कंस मनातल्या मनात घातला, पण −२ आणि −४ चा गुणाकार −८ केला. मग −३ − ८ = −११ येतं आणि उत्तर पुन्हा "नाही". दोन्ही चुकांवर इलाज एकच. कंस कागदावर दिसला पाहिजे.

याच पायरीवर आणखी एक सवय लावून घ्या. डावी बाजू पूर्ण सोडवून एक आकडा आणा, उजवी बाजू पूर्ण सोडवून एक आकडा आणा, आणि मगच दोघांची तुलना करा. ताळा करताना पदं इकडून तिकडे नेऊ नका. पदं हलवली की चिन्हांचे नियम लागू होतात आणि ज्या चुका शोधायच्या आहेत त्याच नव्याने होतात.

तुलना करताना ऋण संख्या असतील तर संख्यारेषा आठवा. −७ आणि −३ यांत लहान कोण? डावीकडचा, म्हणजे −७. "सात मोठे" ही सवय धन संख्यांची आहे, ती इथे चालत नाही.

चौथी तपासणी: बिंदू रेषेवर आहे का

वरच्याच प्रश्नात (−२, −५) घ्या. ३(−२) − २(−५) = −६ + १० = ४. आता ४ > ४ का? खोटं. चार हे चारापेक्षा मोठे नाहीत. हा बिंदू सीमारेषेवर आहे आणि प्रश्नात नुसतं ">" आहे, म्हणून तो उकल नाही.

प्रश्नात "≥" असतं तर? तर ४ ≥ ४ खरं. इथे बरीच मुलं अडखळतात, आणि त्यांचं म्हणणं ऐकलं की कारण कळतं: "चार चारापेक्षा मोठा नाही, मग खरं कसं?" उलटंही विचारतात: "सात चाराइतका नाही, मग ७ ≥ ४ कसं चालेल?" या चिन्हात "मोठे" आणि "समान" यांच्या मधला शब्द "किंवा" आहे. दोन्हींपैकी एक खरं असलं की पुरे.

"<" आणि ">" ही चिन्हं थॉमस हॅरियट या इंग्रज गणितज्ञाच्या ग्रंथात १६३१ साली छापून आली, त्याच्या मृत्यूनंतर १० वर्षांनी. त्यांच्याखाली समानतेच्या रेघा जोडलेली रूपं फ्रान्सच्या पिएर बूगेरने १७३४ मध्ये वापरली. म्हणजे "किंवा समान" सांगणारी ती रेघ मागाहून आली, आणि ती मुद्दाम जोडावी लागली, कारण तिच्याशिवाय सीमेवरचे बिंदू आत की बाहेर हे एका चिन्हात सांगता येत नव्हतं. ती रेघ वाचायची राहिली तर अख्खी रेषाभर उत्तरं चुकतात. आलेखात हाच फरक अखंड रेषा आणि तुटक रेषा यांनी दाखवतात. ≤ किंवा ≥ असेल तर अखंड, < किंवा > असेल तर तुटक.

पाचवी तपासणी: छायांकित बाजू मूळ प्रश्नाशी जुळते का

खरी गडबड इथे असते. २क्ष − ३य < ६ चा आलेख काढायचा आहे. सवयीप्रमाणे य एकटा करायला जातो:

−३य < −२क्ष + ६
य < (२/३)क्ष − २

दुसऱ्या ओळीत −३ ने भागलं, पण चिन्ह फिरवलं नाही. आता विद्यार्थी (०, ०) घेऊन याच ओळीत ताळा करतो: ० < −२, खोटं. म्हणून आरंभबिंदू नसलेली, म्हणजे रेषेखालची बाजू तो रंगवतो. त्याच्या दृष्टीने ताळा केला आणि जुळलाही.

हाच (०, ०) मूळ प्रश्नात ठेवा: ० − ० = ०, आणि ० < ६ खरं. म्हणजे आरंभबिंदू उकलीत असायलाच हवा, आणि आलेखात तो बाहेर पडला आहे. चूक एका ओळीत पकडली गेली. कुठल्या पायरीत झाली ते मागे जाऊन शोधता येईल, पण झाली आहे हे मूळ प्रश्नानेच सांगितलं.

चिन्ह का फिरतं? २ < ५ हे खरं. दोन्ही बाजूंना −१ ने गुणा: −२ आणि −५. संख्यारेषेवर शून्याच्या जागी आरसा धरल्यासारखं होतं. उजवीकडे जो जास्त लांब होता तो आता डावीकडे जास्त लांब गेला. म्हणून −२ > −५. ऋण संख्येने गुणलं किंवा भागलं की हे होतं. बेरीज किंवा वजाबाकी केली की सगळेच आकडे सारखे सरकतात, क्रम बदलत नाही, चिन्हही फिरत नाही.

काही मुलं हा नियम इतका घट्ट धरतात की कुठेही उणे दिसलं तरी चिन्ह फिरवतात. ३य < −६ मध्ये भागायचं आहे ३ ने. ३ धन आहे, म्हणून य < −२. उजवीकडच्या −६ चा यात काही संबंध नाही.

मला स्वतःला ऋण संख्येने भागायची वेळच न आणणं जास्त भरवशाचं वाटतं. य चं पद ऋण असेल तर ते दुसऱ्या बाजूला न्या: २क्ष − ६ < ३य. मग ३ ने भागा: (२/३)क्ष − २ < य. आता हे उलटीकडून वाचा, य > (२/३)क्ष − २. चिन्ह फिरवायचं लक्षात ठेवावंच लागत नाही.

आता एक शंका. प्रतलावर अगणित बिंदू, मग एकाच बिंदूवरून पूर्ण बाजू कशी ठरते? २क्ष − ३य − ६ ही राशी घ्या आणि क्ष-अक्षावरून चालत जा. (०, ०) वर तिची किंमत −६, (१, ०) वर −४, (२, ०) वर −२, (३, ०) वर ०, (४, ०) वर २. किंमत हळूहळू बदलते, उड्या मारत नाही. ऋणाची धन व्हायची तर वाटेत शून्यातून जावंच लागतं, आणि शून्य फक्त रेषेवर मिळतं. म्हणजे रेषा ओलांडल्याशिवाय चिन्ह बदलू शकत नाही. म्हणून रेषेच्या एका बाजूचे सगळे बिंदू एकाच निकालाचे, आणि त्यातला एक तपासला की बाजू ठरते.

यातूनच पुढची खबरदारी निघते: चाचणीचा बिंदू रेषेवर नसावा. क्ष − २य > ० मध्ये (०, ०) घेतला तर ० > ० खोटं येतं. विद्यार्थी म्हणतो, "खोटं आलं, म्हणजे दुसरी बाजू." पण कुठली दुसरी? आरंभबिंदू तर रेषेवरच आहे, तो कुठल्याच बाजूचा नाही. इथे (१, ०) घ्या: १ > ० खरं. ज्या बाजूला (१, ०) आहे ती बाजू रंगवा. उजवीकडे नुसतं शून्य दिसलं की (०, ०) सोडून द्यायचा, एवढं लक्षात ठेवा.

माझ्या विद्यार्थ्यांना मी तीन बिंदू तपासायला लावते: एक रंगवलेल्या भागातला, एक न रंगवलेल्या भागातला, एक रेषेवरचा. २क्ष − ३य < ६ साठी (०, ०) वर ० < ६ खरं, (४, ०) वर ८ < ६ खोटं, (३, ०) वर ६ < ६ खोटं, म्हणून रेषा तुटक. तिन्ही निकाल आलेखाशी जुळले तर बाजू आणि रेषेचा प्रकार दोन्ही बरोबर.

सहावी तपासणी: रेषाच चुकली आहे का

एका बिंदूचा ताळा जुळूनही आलेख चूक असू शकतो, तो या कारणाने. २क्ष − ३य = ६ ही रेषा अक्षांना कुठे छेदते? य = ० ठेवलं की क्ष = ३, म्हणून (३, ०). क्ष = ० ठेवलं की य = −२, म्हणून (०, −२). घाईत हे उलटे नोंदवले जातात: (०, ३) आणि (−२, ०). या चुकीच्या रेषेच्या खालच्या बाजूला आरंभबिंदू येतो, मूळ प्रश्नात तो खरा ठरतो, विद्यार्थी खालची बाजू रंगवतो आणि समाधानाने वही मिटतो. पण त्याच रंगवलेल्या भागात (४, ०) देखील आला आहे, आणि मूळ प्रश्नात तो ८ < ६, म्हणजे खोटा. तीन बिंदू तपासले असते तर हे लगेच दिसलं असतं.

रेषेसाठी दोन बिंदू पुरतात हे खरं, पण तिसरा काढा. इथे (६, २): १२ − ६ = ६, जुळतं. पट्टी तिन्ही बिंदूंवरून जात नसेल तर एक तरी बिंदू चुकला आहे.

आलेखाच्या दिसण्यावर विसंबू नका. (४, ०.७) आत आहे का? ८ − २.१ = ५.९, सहापेक्षा लहान, म्हणून आत. (४, ०.६)? ८ − १.८ = ६.२, बाहेर. हे दोन बिंदू आलेख कागदावर इतके जवळ आहेत की पेन्सिलच्या रेघेखाली दोन्ही झाकले जातात. आलेख आणि आकडेमोड यांत मतभेद झाला तर आधी कंस पाहा, आणि कंस बरोबर असतील तर आकडेमोडीचंच ऐका. तसंच, मित्राच्या वहीतली रेषा जास्त तिरकी दिसते म्हणून घाबरू नका. अक्षांवरचं प्रमाण वेगळं असेल तर तिरकेपणा वेगळाच दिसणार. तुलना करायची ती बिंदूंची.

"मोठे म्हणजे वर, लहान म्हणजे खाली" हा झटपट नियम फक्त य एकटा, डाव्या बाजूला आणि धन सहगुणकासह असेल तेव्हाच चालतो. क्ष ≥ ३ मध्ये वर-खाली काही नाहीच. उभी रेषा, उजवीकडची बाजू.

आणि एक गोष्ट, जिच्यापायी मुलांनी बरोबर आलेख खोडलेले मी पाहिले आहेत. काही पुस्तकांत उकलीचा भाग रंगवतात, तर काही ठिकाणी नको असलेला भाग रंगवून उकलीचा भाग कोरा ठेवतात. उत्तर नेमकं उलट दिसत असेल आणि तीन बिंदू मूळ प्रश्नात चोख बसत असतील, तर पुस्तकातली सूचना आधी वाचा.

सातवी तपासणी: शब्दांतून चिन्हात येताना

"किमान १०", "निदान १०", "१० पेक्षा कमी नाही" या तिन्हींचा अर्थ ≥ १०. "जास्तीत जास्त १०", "कमाल १०", "१० पेक्षा अधिक नाही" म्हणजे ≤ १०. "कमी नाही" वाचताना "कमी" हा शब्द डोळ्यात भरतो आणि हात < लिहितो. वाक्य शेवटपर्यंत वाचा, आपल्या भाषेत नकार शेवटी येतो.

मराठीत आणखी एक सापळा आहे. "क्ष हा य पेक्षा ३ ने मोठा आहे" हे समीकरण आहे: क्ष = य + ३. "क्ष हा य पेक्षा मोठा आहे" ही असमानता: क्ष > य. मधला "३ ने" नजरेतून निसटला तर प्रश्नाचा प्रकारच बदलतो.

आता एक उदाहरण. माल वाहणाऱ्या लिफ्टची क्षमता ६०० किलो. एका प्रकारचा खोका ५० किलोचा, दुसरा ३० किलोचा. पहिल्या प्रकारचे क्ष आणि दुसऱ्या प्रकारचे य खोके ठेवले तर ५०क्ष + ३०य ≤ ६००.

(६, १०) ठेवा: ३०० + ३०० = ६००. रेषेवर आहे आणि चालतं. (−३, २५) ठेवा: −१५० + ७५० = ६००. असमानता म्हणते चालतं, पण उणे तीन खोके कुठून आणणार? (७.५, ५) चे ५२५ किलो, पण अर्धा खोका ठेवता येत नाही. म्हणून क्ष ≥ ०, य ≥ ०, आणि दोन्ही पूर्ण संख्या, हे आपणच लिहायचं असतं. प्रश्नात ते बहुधा लिहिलेलं नसतं, कारण खोके म्हटल्यावर ते उघडच आहे.

पूर्णांक करतानाही सांभाळा. क्ष = ५ असेल तर उरतात ३५० किलो, ३५० ÷ ३० म्हणजे साधारण ११.६७. जवळचा पूर्णांक १२ घेतला तर २५० + ३६० = ६१०, क्षमता ओलांडली. इथे खालचा आकडा, ११, घ्यायचा. "किमान" ची अट असती तर वरचा घ्यावा लागला असता. कुठला घ्यायचा हे पाठ करू नका, दोन्ही आकडे मूळ असमानतेत ठेवा, बसेल तो घ्या.

आठवी तपासणी: एकाहून जास्त असमानता

क्ष + य ≤ ६ आणि २क्ष + य > ४ एकत्र दिल्या आहेत. (१, २) घ्या. पहिलीत ३ ≤ ६ खरं. इथे थांबून "उकल आहे" लिहिलेल्या वह्या खूप आहेत. दुसरीत २ + २ = ४, आणि ४ > ४ खोटं. म्हणून उकल नाही. (२, ३) मात्र दोन्हींत बसतो: ५ ≤ ६ आणि ७ > ४. प्रत्येक असमानता वेगळी तपासा, प्रत्येकीपुढे खरे किंवा खोटे लिहा, सगळ्या खऱ्या असतील तरच उकल.

छेदणाऱ्या दोन रेषा प्रतलाचे चार भाग करतात. कुठला भाग सामाईक आहे याची खात्री नसेल तर प्रत्येक भागातला एकेक बिंदू तपासा. चारच तर आहेत. रेषा जिथे छेदतात तो कोपराही बघा. क्ष + य = ६ आणि २क्ष + य = ४ सोडवलं की (−२, ८) मिळतो. पहिलीत ६ ≤ ६ खरं, दुसरीत ४ > ४ खोटं. म्हणून कोपरा उकलीत नाही आणि आलेखात तिथे पोकळ वर्तुळ काढायचं.

आणि सामाईक भागच सापडत नसेल तर लगेच स्वतःची चूक समजू नका. क्ष + य > ५ आणि क्ष + य < ३ एकाच वेळी खरं असणं शक्यच नाही. "उकल नाही" हेच तिथलं बरोबर उत्तर.

इथे थांबा आणि विचारा

तीन बिंदूंचा ताळा मूळ प्रश्नात जुळतो, रंगवण्याची पद्धतही पाहून झाली, आणि तरी छापील उत्तर वेगळं आहे: खोडू नका. छापील उत्तरंही चुकतात. ते तीन बिंदू लिहून शिक्षकांना दाखवा. त्यांना मिनिटभरात निकाल देता येईल.

सलग तीन-चार उदाहरणांत तिसऱ्याच तपासणीवर अडत असाल तर अडचण असमानतेची नाही, ऋण संख्यांच्या गुणाकाराची आहे. शिक्षकांकडे जाताना कच्चं काम असलेलं पान घेऊन जा. नेटकं करून लिहिलेल्या उत्तरावरून चूक कुठे झाली ते कुणालाच सांगता येत नाही.

प्रश्नात चलाचा वर्ग असेल, दोन चलांचा एकमेकांशी गुणाकार असेल किंवा छेदात चल असेल, तर ती रेषीय असमानता नाही. छेदातल्या चलाने दोन्ही बाजूंना गुणायला जाऊ नका, कारण ते धन आहे की ऋण हेच माहीत नसतं. मूळ प्रश्नात किंमत ठेवून एखादा बिंदू तपासणं तिथेही चालेल, पण एका बिंदूवरून पूर्ण बाजू ठरवण्याची पद्धत आहे तशी चालणार नाही. शिकवणाऱ्याकडूनच समजून घ्या.

चलं तीनच्या वर गेली की आलेख काढायला कागद पुरत नाही. अनेक चलांच्या रेषीय असमानतांतून सर्वांत चांगलं उत्तर शोधायला जॉर्ज डँट्झिगने १९४७ मध्ये सिंप्लेक्स पद्धत मांडली, आणि ते काम आता संगणकावर होतं. असं गणित खऱ्या कामासाठी हवं असेल तर त्या विषयातल्या माणसाची मदत घ्या. संगणकाने दिलेलं उत्तर मात्र मूळ अटींत ठेवून तुम्हीही तपासू शकता.

वरचं लिफ्टचं उदाहरण वहीतलं आहे. खरी लिफ्ट, खरा मचाण, खरा पूल किंवा औषधाची मात्रा असेल तर ताळा जुळला तरी आपल्या आकड्यावर काम सुरू करू नका. वजन एका बाजूला साचलं, झटका बसला, साहित्य जुनं झालं, यातलं काहीच ५०क्ष + ३०य ≤ ६०० मध्ये लिहिलेलं नाही. तिथे अभियंत्याला किंवा डॉक्टरला विचारा, आणि विचारताना आपण धरलेल्या अटी, त्यांचे आकडे आणि प्रत्येकीतलं चिन्ह कागदावर लिहून समोर ठेवा.